बारवेपासून घरापर्यंत

खंडेनवमीच्या दिवशी शाळेच्या कार्यालयात संस्थेच्या अध्यक्षांनी नारळ फोडला आणि त्याचं पाणी टेबलावर मांडलेल्या वस्तूंवर शिंपडलं. त्या वस्तूंमध्ये दारकुंडे बाईंची डिस्क होती.

बाई आमच्या शाळेत भूगोल शिकवत. मी तिथेच ग्रंथपाल होतो. गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. शोकसभेत अध्यक्षांचं भाषण झालं. बाईंनी बुडालेल्या गावाचे आवाज पुढच्या पिढ्यांसाठी जतन करून ठेवले, आणि संस्थेने त्यांना या कामात सदैव साथ दिली, असं ते म्हणाले. टाळ्या वाजवायची ती जागा नव्हती, तरी दोघातिघांनी वाजवल्या. मी मागच्या बाकावर बसलो होतो. सभेत उठून बोलायचा माझा स्वभाव नाही, म्हणून हे लिहितो आहे.

बाईंना डावं-उजवं मान्य नव्हतं. 'तुमच्या डाव्या हाताला' असं कोणी म्हटलं की त्या जागच्या जागी वळून पाठमोऱ्या उभ्या राहत आणि विचारत, "आता?" चार दिशा आणि चार उपदिशा एवढ्यात जगातलं सगळं सांगता येतं, असं त्यांचं म्हणणं. शिक्षकखोलीत चहा आला की "ग्रंथपाल, तुमच्या कपाच्या ईशान्येला माशी बसलीय," असं त्या अगदी सहज म्हणत. वर्गात दंगा करणाऱ्याला त्या कोपऱ्यात उभं करत नसत, नैऋत्येला उभं करत. नैऋत्य कुठली हे त्याचं त्यानेच ठरवायचं. चुकीच्या कोपऱ्यात गेला तर तास संपेपर्यंत तिथेच, बरोबर गेला तर लगेच जागेवर. आज ती मुलं ट्रॅक्टर चालवतात, दुकानं चालवतात, एक जण तलाठी आहे. सगळ्यांना नैऋत्य अचूक माहीत आहे.

"तिकडं म्हणजे कुठं?" हे त्यांचं वाक्य. तालुक्यात पोरं त्यांच्या माघारी त्यांना याच वाक्याने ओळखत. एकदा नेवाशाहून निघालेल्या एसटीत मी त्यांच्या शेजारी होतो. एका वस्तीवर जायचं होतं. कंडक्टर म्हणाला, फाट्यावर उतरा, तिथनं तिकडं जवळच हाय.

"तिकडं म्हणजे कुठं?"

"अवो बाई, तिकडं म्हंजी तिकडं. हात करतोय न्हवं मी."

"बस वळली तसा तुमचा हातही वळला. आता तो शिंगणापूरला चाललाय."

गाडी हसली. कंडक्टरही कच्चा नव्हता. म्हणाला, "मंग शनिदेवालाच सोडतो तुमाला. त्याच्यापुढं तरी बोलायचं थांबताय का बघू." बाईही हसल्या, पण वस्ती फाट्याच्या उत्तरेला की वायव्येला हे त्याच्या तोंडून कळेपर्यंत त्यांनी त्याला घंटी मारू दिली नाही.

हे सगळं गमतीचं वाटे. त्यामागे एक राग होता, तो कळायला मला काही वर्षं जावी लागली.

बाईंचं गाव धरणात गेलं. धरणाची भिंत लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. पाणी मात्र मागे मागे सरकत आमच्या तालुक्यापर्यंत आलं. त्याला फुगवटा म्हणतात. फुगवटा आला तेव्हा बाई शाळेतही जात नव्हत्या. माळावर सरळ रेषेत प्लॉट पाडलेले होते, तिथे त्यांचं घर आलं. जुन्या घराचा त्यांना फक्त उंबरा आठवे. त्या उंबऱ्यावर बसून त्या पाय हलवत आणि सकाळचं ऊन डोळ्यांवर येई. "म्हणजे दार पूर्वेला होतं," त्या म्हणत. "पुढचं काही आठवत नाही." कपाच्या ईशान्येची माशी जिला दिसते त्या बाईला स्वतःचं घर गावात नेमकं कुठे होतं ते सांगता येत नव्हतं. खिशातून कोणी काही काढून घ्यावं तशा त्या हे सांगत.

म्हणून त्यांनी त्या गावच्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज भरून ठेवायला सुरुवात केली. नोकरी, घर सांभाळून, रविवार आणि सुट्ट्या धरून कितीतरी वर्षं त्यांचं हे चाललं. एक छोटं आवाज टिपायचं यंत्र त्यांच्या पिशवीत असे. 'आठवणी सांगा' असं त्या कोणालाच म्हणत नसत. तसं म्हटलं की माणूस भाषण करतो, असा त्यांचा अनुभव. समोरच्याला बाजेवर नीट बसवायचं आणि म्हणायचं, "दारातून बाहेर पडा. उगवतीला कोण?"

मग तो म्हातारा बाजेवर बसल्या बसल्या चालू लागे. उगवतीला हिरामण, त्याच्या पलीकडं सुताराचा कट्टा, तिथनं खाली उतार. आंधळे झालेले एक आजोबा बोलता बोलता मध्येच पाय उचलून टाकत. बाईंनी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "गटार हाय न्हवं इथं." घरातली माणसं हसली. बाईंनी त्यांना हाताने गप्प केलं.

मध्ये बोलणाऱ्या मुलांचा त्यांना फार राग. एका घरी मुलगा सारखा म्हणत होता, म्हातारीला काय आठवतंय, मी सांगतो. बाईंनी विचारलं, "तुमचा जन्म कुठला? नव्या गावातला ना? मग तुम्ही चहा ठेवा." त्याने ठेवला. चांगला केला होता.

गावात एक बारव होती, म्हणजे पायऱ्यांची दगडी विहीर. तिच्या पायऱ्या उत्तरेकडून उतरत की दक्षिणेकडून, यावर गेनू आबा आणि त्यांचे चुलतभाऊ तात्या यांचं बाईंच्या यंत्रापुढेच भांडण झालं आणि दोघांचं बोलणं बंद झालं. भूगोलाच्या बाई आहेत, निकाल देतील म्हणून लोक बाईंकडे आले. बाई म्हणाल्या, "मी पंच नाही. दोघांचंही ठेवणार." पुढे एका उन्हाळ्यात पाणी फार उतरलं आणि बारवेचं तोंड उघडं पडलं. दोघे म्हातारे वेगवेगळ्या मोटरसायकलींवर बसून बघायला गेले. आत पायऱ्या बुडतील इतका गाळ भरलेला होता. दोघेही आपलंच खरं ठरलं असं सांगत परत आले.

सगळ्यात शेवटी बाईंनी आपल्या आईचा आवाज घेतला. आई टाळत होती. गेलं ते गेलं, म्हणायची. आजारपणात एके दुपारी ती आपणहून म्हणाली, लाव तुझं ते. तिने उंबऱ्यापासून सुरुवात केली नाही. बारवेपासून केली, कारण ती वाट तिने रोज डोक्यावर हंडा घेऊन तुडवली होती. बारवेपासून घरापर्यंत सगळी वाट तिने सांगितली. थोड्याच दिवसांत ती गेली. बाईंनी तो आवाज एकदाच ऐकला, भरताना, आणि तेव्हा त्यांचं लक्ष वाटेपेक्षा आईकडेच होतं. पुन्हा ऐकवला नाही त्यांना.

मी विचारलं होतं, हे सगळं कागदावर का उतरवत नाही, नकाशा का काढत नाही? त्या म्हणाल्या, "जागेवर उभं राहिल्याशिवाय नकाशा काढायचा नाही, हे मी पोरांना शिकवते. पाणी उतरू दे. सगळ्यांचे आवाज घेऊन जाते आणि चालून काढते. सुरुवात आईपासून. आई मला घरी नेईल."

त्यांना एवढंच हवं होतं.

संस्थेने वर्धापनदिनाला गाव-दालन उघडायचं ठरवलं. एक खोली, भिंतीवर फोटो आणि बाईंचे आवाज. बाईंनी सगळं एका डिस्कमध्ये भरून आणलं. तळहाताएवढी काळी डबी. त्यात म्हातारे बसलेले होते, बहुतेक तोवर वारलेले. व्यासपीठावर बाईंना शाल देऊ केली तेव्हा त्या माइकमध्येच म्हणाल्या, "शाल नको. कुलूप असलेलं कपाट द्या आणि याची दुसरी प्रत करून ठेवा." लोकांना तो विनोद वाटला. शाल पांघरली गेली. अध्यक्षांनी डिस्क करंडकासारखी डोक्यावर धरली आणि फोटो निघाला.

प्रत केली का, असं बाई दर आठवड्याला कार्यालयात विचारत. आमचे लिपिक ढगे भाऊसाहेब म्हणत, झाली मॅडम. एकदा त्यांनी पडद्यावर दाखवलीही. माणसांच्या नावांच्या फायली ओळीने दिसत होत्या. बाईंनी प्रत्येक नाव वाचलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. घरचा संगणक जुना होऊन बंद पडला तेव्हा त्यांनी म्हणूनच फार हळहळ केली नाही. पडद्यावर होती ती नुसती नावं, हे पुढे कळलं. नावावर बोट ठेवलं की शाळेचा संगणक मूळ डिस्क मागायचा. आवाज त्यात कधी उतरलेच नव्हते.

बाईंनी स्वतःकडे दुसरी प्रत का ठेवली नाही, असं मला आजही शिकलेली माणसं विचारतात. ज्याने विश्वास ठेवला त्यालाच जाब विचारायची ही रीत मला कळत नाही. प्रत झाली असं ज्यांनी सांगितलं, त्यांना विचारा.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा होते. शेतकरी नांगर-विळा मांडतो, सुतार करवत मांडतो, शाळा संगणक मांडते. ढगे भाऊसाहेब ही पूजा मनापासून करत. झेरॉक्स मशीनला झेंडूची माळ, शाळेच्या घंटेला हळद-कुंकू, पंचिंग मशीन, कंपासपेटी, शिट्टी, सगळं पुसून मांडलेलं. कपाटातली डिस्क त्यांनी मधोमध ठेवली होती. माझा राग पूजेवर नाही. घरी मीही पुस्तकांची पूजा करतो.

नारळाचं पाणी चांगलं भरपूर निघालं, आणि अध्यक्षांनी ते हात न आखडता शिंपडलं.

ढगे नंतर बाईंपुढे उभे राहिले तेव्हा म्हणाले, "मॅडम, म्या मुद्दाम मधी ठिवली हुती. सगळ्यात भारी वस्तू म्हनून." त्या माणसावर त्या पुढेही कधी चिडल्या नाहीत.

खरा घात पाण्याने केला नाही. दसऱ्याची सुट्टी संपून आम्ही आलो तोवर ती डिस्क गच्चीवर उन्हात वाळवून झाली होती आणि तांदळाच्या डब्यात पुरून झाली होती. मधल्या काळात ज्याला त्याला एकच गोष्ट सुचली होती. चालतंय का बघू. ढगे यांनी लावून बघितली. संगणकाच्या शिक्षकांनी बघितली. अध्यक्षांचा पुतण्या, ज्याला मोबाईलमधलं सगळं कळतं, त्याने दोन-तीन वेगवेगळ्या संगणकांना लावून बघितली, आणि आतून करकर आवाज येतोय म्हणजे जिवंत आहे, असं निदान केलं. मग नगरच्या एका दुकानदाराने बघितली. बाईंना कोणीही कळवलं नव्हतं.

बाई अध्यक्षांकडे गेल्या तेव्हा मी बरोबर होतो. अध्यक्षांनी पेढा पुढे केला. बाईंनी घेतला नाही. म्हणाल्या, चूक झाली असं लेखी द्या आणि पुण्याला नेऊन फायली काढून आणा. अध्यक्ष हसले. म्हणाले, "बाई, देवाच्या कार्यात झालं. श्रद्धेचा विषय आहे, त्यात चूक कसली बघायची?"

बाई म्हणाल्या, "श्रद्धा मलाही आहे. माझ्या घरी पोथीची पूजा होते. पोथीवर पाणी ओतत नाही आम्ही."

अध्यक्षांनी फोन उचलला. आम्ही उठलो. बाहेर पायऱ्यांवर बाई मला म्हणाल्या, "पहिल्यांदा गाव बुडवलं तेव्हा निदान नोटीस आली होती."

पुण्याला आम्ही स्वखर्चाने गेलो. बंद पडलेल्या डिस्कमधून फायली काढून देणारं ते ठिकाण दवाखान्यासारखं होतं. जोडे बाहेर, आत काचेची खोली. तिथल्या मुलीने डिस्क ठेवून घेतली आणि काही आठवड्यांनी बोलावलं. तिने सांगितलं ते मला समजलं तसं असं: डिस्कच्या आत एक तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावरून केसाएवढ्या अंतरावर एक सुई वाचत जाते. भिजल्यावर ती तशीच बंद ठेवली असती तर बहुतेक सगळं निघालं असतं. दर वेळी चालू केल्यावर सुई तबकडीला घासत गेली. जिथे घासली तिथलं गेलं. ते कोणालाही परत आणता येणार नाही.

"किती जणांनी चालू करून बघितली?" मुलीने विचारलं.

"सगळ्यांनी," बाई म्हणाल्या.

मिळालं ते तुकड्या-तुकड्यांत. फायलींची नावं गेलेली, सुरुवात एकाची, शेवट कोणाचाच नाही. कोणी खोकतंय. कोंबडा आरवतोय. 'गटार हाय न्हवं' एवढं राहिलं. बारवेच्या भांडणातले एकटे तात्या राहिले, म्हणजे त्या वादाचा निकाल अखेर अध्यक्षांच्या पुतण्याने ऐकलेल्या करकरीने लावला. परतीच्या बसमध्ये बाईंनी फोन कानाला लावून एकेक तुकडा ऐकला. शिरूर मागे पडल्यावर त्यांनी माझा हात धरला. आई सापडली होती. सगळी नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं. बाईंनी मला निरोप धाडला. ढगे यांनी कुठून तरी ऐकलं आणि शाळेच्या फाटकात येऊन विचारलं, "मॅडम, मी येऊ का? गाडी हाय माझी." बाई म्हणाल्या, "या. पण कशाला हात लावू नका." ढगे पाण्याची कळशी घेऊन आले.

उघड्या पडलेल्या गाळावर लोकांनी कलिंगडं लावली होती. त्यापुढे भेगाळलेली जमीन, शिंपले आणि घरांच्या जोत्यांच्या दगडांच्या ओळी. बारवेचं तोंड जमिनीशी होतं. बाईंनी चपला काढल्या, बारवेला पाठ करून उभ्या राहिल्या आणि फोनवर आईला लावलं.

आई म्हणाली, पानी भरलं की मावळतीकडं तोंड करायचं. आम्ही चाललो. वाण्याचं जोतं लागंल, दगड लई मोठे हायेत त्याचे. दगड होते. बाईंनी आवाज थांबवला, दगडांवर हात ठेवला, पुन्हा चालू केला. मंग चिंच. चिंच नव्हती, पण भलं मोठं कुजकं खोड होतं आणि ढगे यांनी ते आधी पाहिलं. बाईंचा चेहरा तेव्हा लहान मुलीसारखा झाला होता. आईच्या मागे त्या भराभर चालत होत्या, आम्ही मागे पडलो. चिंचंपसनं खाली वळलं की बोळ. बोळाच्या दोन्ही अंगांना जोती दिसत होती.

"बोळातनं मंग तिकडं वळलं की—"

"तिकडं म्हणजे कुठं?" हा फोनमधला बाईंचाच आवाज, काही वर्षांपूर्वीचा.

तिथे तुकडा संपत होता.

बोळाच्या तोंडाशी बाई थांबल्या. पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच संपलं. पुढे चहूबाजूंना जोती होती, त्यांतली पूर्वेला दार असेल अशी बरीच. ढगे पुढे जाऊन एका लांबट दगडापाशी उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, हा उंबरा दिसतोय. हेच आसंल."

बाई म्हणाल्या, "असंल म्हणजे?"

मीही म्हणालो, बाई, आता कोण नाही म्हणणार आहे? बसा थोडा वेळ तिथे.

त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "ग्रंथपाल, अंदाजानंच बसायचं असतं तर मी कुठल्याही दगडावर बसले असते. आईनं मला दिशा सांगितली होती. त्या लोकांनी ती खरवडून काढली."

मग जिथे आवाज संपला होता तिथे त्यांनी एक दगड ठेवला. ढगे यांनी न सांगता आणखी दगड आणले. बाईंनी ते रचले, त्या ढिगाजवळ जमिनीवरच बसल्या, आणि पूर्वेकडे तोंड करून पाय लांब सोडले. दुपार होती, ऊन डोळ्यांवर नव्हतं. मी त्यांना नीट पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. पुढे दवाखान्यात होत्या त्या नळ्यांमध्ये होत्या.

यंदा पाणी उतरलं नाही.

गाव-दालनाच्या दारावर पाटी आहे, आत फोटो आहेत. करंडकासारखी डिस्क धरलेला फोटो मधोमध आहे. कार्यालयातल्या संगणकावर म्हाताऱ्यांची नावं अजून ओळीने दिसतात. डिस्क माझ्या कपाटात आहे. पुण्याहून आणलेले तुकडे मी तीन ठिकाणी ठेवले आहेत, एक प्रत ढगे यांच्याकडे आहे. बारवेच्या मावळतीला, चिंचेच्या खोडाच्या खालच्या अंगाला, बोळाच्या तोंडाशी दगडांचा ढीग आहे. त्याच्यावर पाणी आहे.